चार बोटं

काठी मी कापली.

वितीवितीला खाच असलेली,
सेन्कोंडोच्या बापाने तासलेली,
वरून हातांनी गुळगुळीत, खालून पाण्याने काळी.

पारे डोंगराच्या कुशीत आमचं तळं,
न्दीवा म्हणतात त्याला.
रात्रभर ओढा तिथे येऊन निजतो,
पहाटे मी बूच काढते
आणि तो उठून कामाला लागतो:
आधी आल्याचे वाफे, मग केळी, मग मका,
आणि अगदी शेवटी, उरलाच तर,
खाली, घायपाताच्या मळ्यापलीकडे,
जिथे गोरखचिंचसुद्धा पोट आत ओढून उभी असते,
तिथे नान्झियाचे वाल.

नियम जुना आहे आणि वाईट नाही:
सात विती भरलं तर सगळ्यांना,
एक बोट जरी कमी, तर वरच्या बारा घरांनाच.
थोडं पाणी लांब धाडलं
तर वाटेतली वाळूच पिते.
खरं आहे. मी वाळूला पिताना पाहिलंय,
तिला ढेकरही येत नाही.

म्हणून मागच्या कोरड्या महिन्यांत
नान्झिया आणि मी, दोघींनी मिळून
पाट लिंपला. वारुळाची माती, केळीची सोपटं,
एकोणतीस दिवस.
तिची धाकटी पाठीवर, माझे गुडघे तेव्हाच गेले.
लिंपलेल्या पाटातून घागरभर पाणी सोडून पाहिलं,
खाली पाऊण घागर पोचलं.
सभेत सांगितलं. सभा म्हणाली,
नियम पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष वालाला कळत नाही.

त्याच सुमारास मोशीहून दोघे साहेब आले होते.
मोठा नकाशा दगडं ठेवून पसरला,
म्हणाले, हे सगळं एकच खोरं.
माझ्याही हातात खोरं होतं, गाळाने भरलेलं.
निळी रेघ आमच्या ओढ्यापासून निघून
मोठ्या नदीला आणि तिथून समुद्राला जात होती.
मी विचारलं, ही रेघ कोणत्या महिन्यात काढली?
धाकटा साहेब हसला. थोरल्याने
वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्या रात्री पाणी सहा विती आणि आठ बोटं होतं.
दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्याही.
चौथ्या रात्री घरून करवत आणली,
काठीच्या बुडाचा चार बोटांचा तुकडा काढला,
कापलेल्या जागी चिखल चोळला.
सकाळी काठी म्हणाली: सात.

सतरा पाळ्या गेल्या. बारा घरांत
कुणाच्या आल्याचं पान पिवळं पडलं नाही,
पण म्बोनेया आपल्या वाफ्याच्या टोकाशी
एक दिवस बराच वेळ उकिडवा बसला होता,
ते मी पाहिलं, आणि दुसरीकडे पाहिलं.
खाली वालाला फुलं धरली.
नान्झियाने दीड गोणी विकली,
दोन पत्रे घेतले. छप्पर अर्धंच झालं,
पोरी आता त्या अर्ध्याखाली निजतात.

मग सेन्कोंडो आला.
त्याला आता दिसत नाही फारसं,
बापाची काठी मांडीवर आडवी घेतली,
बुडापासून पहिल्या खाचेपर्यंत बोटं ठेवत गेला.
आठव्या बोटाला खाच लागली.
त्याने पुन्हा मोजलं, दुसऱ्या हाताने,
जणू पहिला हात खोटं बोलला असावा.

पहिलं पाणी त्याच्याच आल्याचं असतं.

ओढा तळ्यात पडत होता, तेवढाच आवाज.
"वही घे," तो म्हणाला. "लिही, सात."
मी लिहिलं.
"कुणी विचारलं, तर सांग काठी झिजली."
चार पावलं गेला, वळला.
"नको. हे एका वर्षापुरतंच चालेल.
गुरुवारी सभा आहे. तुकडा घेऊन ये."

तुकडा मी चुलीत घातला नव्हता,
हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

आता तो पदराच्या गाठीत आहे.
खालून नान्झिया येईल, वरून बारा घरं,
म्बोनेया पुढेच बसेल, तो नेहमी पुढे बसतो.
मी बूच उघडताना, लावताना,
पाटावरची खेकड्यांची भोकं बुजवताना
मनात बोलून बघते.

पहिलं वाक्य जमलंय: काठी मी कापली.
दुसरं अजून सापडत नाही.